मधेच डाग लागला म्हणजे पाळी आली असं नाही

मूल राहावं म्हणून ज्यांचे उपचार सुरू आहेत, त्या बहिणी मला एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, आज चौदावाच दिवस आणि लाल दिसलं. पाळी आली का? गोळ्या बंद करू का?" बऱ्याचदा विचारायच्या आधीच गोळ्या बंद झालेल्या असतात. घरातल्या कुणीतरी "ह्याही महिन्याला गेलं" असं म्हणून टाकलेलं असतं, आणि हजारो रुपयांचा महिना त्या एका वाक्यावर वाया जातो.

गोळ्या बंद करू नका. आधी दिवस मोजा.

अंगावरून नीट लाल जायला लागलं, पॅड घ्यावं लागलं, तो पहिला दिवस. त्याच्या आदल्या दिवशी नुसता डाग लागला असेल तर तो मोजायचा नाही. लेट्रोझोल किंवा क्लोमिफीनची गोळी साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सुरू करतात आणि पाच दिवस देतात. त्या गोळीने स्त्रीबीज वाढायला मदत होते. बीज ज्या पाण्याच्या फुग्यात वाढतं, तो किती मोठा झाला हे डॉक्टर सोनोग्राफीत बघतात. तो साधारण १८ ते २० मिलिमीटरचा झाला की बीज फुटायचं इंजेक्शन देतात. त्यानंतर ३६ ते ४० तासांत बीज बाहेर पडतं.

गर्भाशयाच्या आतलं अस्तर तोवर इस्ट्रोजेन नावाच्या संप्रेरकावर जाड होत असतं. बीज फुटायच्या सुमारास हे इस्ट्रोजेन थोडा वेळ खाली येतं, अस्तराचा आधार किंचित सुटतो आणि थोडं रक्त झिरपतं. गुलाबी किंवा चॉकलेटी डाग, एखाद-दोन दिवस. कुठलंही औषध न घेणाऱ्या बाईलाही असं होऊ शकतं, फक्त ती कपड्याकडे इतकं निरखून बघत नसते. असा डाग दिसला म्हणून महिना वाया गेला असं नाही. उलट तेच दिवस मोलाचे असतात, आणि नेमके तेव्हाच "पाळी आली" म्हणून नवरा-बायको लांब राहतात.

आययूआय केलं असेल, म्हणजे नवऱ्याचं वीर्य बारीक नळीने गर्भाशयात सोडलं असेल, तर नळी आत जाताना गर्भाशयाच्या तोंडाला थोडं खरचटतं. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डाग लागतो. "सगळं बाहेर आलं हो ताई" अशी भीती असते. तसं होत नाही. वीर्य आत पोचलेलं असतं, बाहेर येतो तो चिकट स्राव आणि थोडं रक्त.

त्यानंतर बहुतेक जणींना प्रोजेस्टेरॉन देतात, तोंडाने घ्यायची गोळी किंवा योनीत ठेवायची. ही गोळी अस्तर धरून ठेवते. दोन वेळा चुकली तर अस्तर सुटून डाग लागू शकतो. कामाला गेल्यावर चाळीतल्या सार्वजनिक संडासात ती गोळी ठेवायची तरी कशी, हा प्रश्न डॉक्टर विचारत नाहीत. तुम्ही स्वतः सांगा. वेळ बदलून किंवा तोंडाने घ्यायची गोळी देऊन मार्ग निघू शकतो. आणि या गोळ्यांमुळे पाळी लांबतेसुद्धा. त्यामुळे पाळी आली नाही एवढ्यावर पेढे वाटू नका, आणि डाग लागला एवढ्यावर रडूही नका.

काहींना बीज फुटल्यावर सहा ते बारा दिवसांनी, गर्भ रुजायच्या वेळी, हलका डाग लागतो. तिला वाटतं पाळी कमी आली, आणि ती पुढच्या महिन्याच्या गोळ्या सुरू करते. हे धोक्याचं आहे. नेहमीपेक्षा कमी लाल गेलं तर नव्या गोळ्यांआधी लघवीची तपासणी झालीच पाहिजे. आशाताईंकडे निश्चय किट फुकट मिळतं. मात्र बीज फुटायचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्याचाच अंश दहा ते चौदा दिवस लघवीत राहू शकतो आणि दिवस नसताना दोन रेघा येऊ शकतात. म्हणून घाई नको, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच तपासा.

मेडिकलमधून रक्त थांबवायची किंवा पाळी पुढे ढकलायची गोळी आणू नका. सगळा हिशोब बिघडतो, आणि पोटात गर्भ असेल तर ती गोळी नकोच. अंगारा-धाग्याबद्दल तर काय बोलायचं!

महिन्यामागून महिने मधेच डाग लागत असेल तर कारण दुसरंही असतं. थायरॉईड, प्रोलॅक्टिन, गर्भाशयातला मस्सा किंवा गाठ, जंतुसंसर्ग. संबंधानंतर रक्त जात असेल तर गर्भाशयाचं तोंड तपासून घ्यायलाच हवं. आणि टीबी. खोकला नसतानाही टीबी गर्भाशयात आणि नळ्यांत बसतो, मूल न राहण्याचं ते आपल्याकडचं एक मोठं कारण आहे. घरात कुणाला टीबी झाला होता का, हे डॉक्टरांना न लाजता सांगा. औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत. नवऱ्याची वीर्यतपासणी झाली नसेल तर तीही आधी करा, सगळ्या सुया बाईलाच कशाला?

आता घाईचं. पोटात एका बाजूला जोरात दुखतंय, खांद्याच्या टोकाला कळ येते, चक्कर येते, अंगावरून थोडंच जातंय, असं असेल तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. नळ्यांना आधी टीबी किंवा सूज होऊन गेली असेल तर ही शक्यता वाढते. नळी फुटली तर रक्त पोटातच साचतं, बाहेर दिसत नाही, त्यामुळे "थोडंच तर जातंय" म्हणून घरी थांबू नका. तसंच तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन तास चाललंय, ताप आहे, घाण वास येतोय, तरीही सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा, किंवा रिक्षा करून मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. उपचार कुठे सुरू आहेत, शेवटची पाळी कधी आली, इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतलं, हे आत गेल्या गेल्या सांगा.

त्यासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेला लिहीत जा: रंग, किती पॅड, दुखलं का, गोळी चुकली का. फाईल आणि सोनोग्राफीचे कागद एकाच पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी कुठे टांगली आहे ते घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवा.