बँडमधील पितळी वाद्ये आणि त्यांचे माउथपीस

माझे आजोळ मिरजेचे. लहानपणी सुटीत तिकडे गेलो की मामांबरोबर सतारमेकर गल्लीतून एक तरी फेरी व्हायचीच. दारोदार टांगलेले भोपळे, लाकडाचा भुसा, रोगणाचा वास आणि मध्येच कुठेतरी छेडलेली तार. तिथे एक कारागीर मी तासन् तास पाहत बसे. त्याच्यापुढे तंबोरा पूर्ण तयार असे. तरी तो तारेखालची घोडी काढी, कानसीने अलगद घाशी, पुन्हा बसवी, तार छेडी, मान हलवी आणि पुन्हा घासायला घेई. मी विचारले, "मामा, हा काय करतोय?" मामा म्हणाले, "जवारी काढतोय. जवारी लागल्याशिवाय तंबोरा बोलत नाही." मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा मला त्या कारागिराची कानसच आधी आठवली. एवढे मोठे वाद्य, पण त्याचा आवाज दोन-तीन बोटे रुंदीच्या एका पृष्ठभागावर अवलंबून!

हे आज सांगण्याचे कारण असे की, आपल्या बँडमधल्या पितळी वाद्यांनाही अशीच एक जवारी असते. तिला माउथपीस म्हणतात. ट्रंपेट, ट्रॉम्बोन, यूफोनियम, ट्यूबा यांच्या टोकाला जो छोटा पेला बसवतात आणि ज्याला ओठ लावून वाजवतात, तोच हा माउथपीस. सातारा-सांगलीकडे तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते आणि बँडवाल्यांचे ओठ महिनोन् महिने या पेल्याला चिकटलेले असतात. त्यांची रोजीरोटीच त्यावर. पण बहुतेक जण वाद्याच्या पेटीत जो माउथपीस आला तोच जन्मभर वाजवतात, नाहीतर कुणाच्या तरी सांगण्यावरून भलताच घेतात. मीही एकदा तसाच फसलो. ती हकिकत आधी सांगतो.

आमच्या महाविद्यालयाच्या बँडची जबाबदारी काही वर्षे माझ्याकडे होती. एका माजी विद्यार्थ्याने परदेशातून आणलेला मोठा ट्रॉम्बोन बँडला भेट दिला. त्याचा माउथपीस प्रवासात हरवला होता. मी पुस्तकात पाहून नंबर काढला, साडेसहा एएल, आणि एका दुकानातून मागवून घेतला. आला तेव्हा नंबर बरोबर होता, पण वाद्यात तो सैल बसे. मुलाने दांड्याला कागद गुंडाळला आणि आम्ही प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला उभे राहिलो. व्हायचे तेच झाले. ट्रॉम्बोन कधी चढा, कधी उतरता. मी मुलाला चार शब्द सुनावले. तेवढ्यात प्रेक्षकांतले एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. सैन्याच्या बँडमधून निवृत्त होऊन जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतलेले. त्यांनी माउथपीस दोन बोटांत धरून हलवून पाहिला आणि म्हणाले, "सर, पोराला कशाला बोलताय? पोराचा सूर नाय चुकला. हा दांडाच डुगडुगतोय." मी म्हणालो, "काका, नंबर तर बरोबर आहे." ते हसले. "नंबर वाटीचा हाय सर. दांड्याचं माप येगळं असतंय."

त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. मग मी या विषयाच्या मागे लागलो.

प्रथम आवाज कसा होतो ते पाहू. वाद्यात फुंकर मारली की ते वाजते, असा आपला समज असतो. नुसती फुंकर मारून पाहा. हवा जाईल, आवाज येणार नाही. मुले गाडी-गाडी खेळताना ओठ मिटून 'भुर्रर्र' करतात ना, त्याचीच ही आवळलेली तऱ्हा. ओठ घट्ट मिटून त्यांतून हवा सोडली की ते थरथरतात. ट्रॉम्बोनवर मधला बी-फ्लॅट काढताना ते सेकंदाला सुमारे २३३ वेळा उघडतात आणि मिटतात. देवळातल्या तुतारीला ना कळा, ना सरकती नळी. तरी वाजवणारा तिच्यातून वेगवेगळे स्वर काढतो, ते ओठ कमी-जास्त आवळूनच. म्हणजे खरे वाद्य ओठ. पितळेची नळी त्यांच्या थरथरीतून आपल्या मापाचे स्वर निवडते आणि मोठे करते. ट्रंपेटची नळी उलगडली तर सुमारे साडेचार फूट भरते, ट्रॉम्बोनची नऊ फूट. म्हणून ट्रॉम्बोन एक सप्तक खाली बोलतो. आणि ओठ व नळी यांची गाठ जिथे पडते, ती जागा माउथपीसची.

घरी एक गंमत करून पाहता येईल. माउथपीस वाद्यातून काढून हातात धरा आणि त्याचे तोंड दुसऱ्या तळहातावर हलकेच आपटा. 'टप्प' असा आवाज येईल. ट्रंपेटच्या माउथपीसचा 'टप्प' चढा असतो, ट्रॉम्बोनचा खालचा. आतल्या पोकळीचा हा स्वतःचा स्वर आहे, आणि वाद्याच्या आवाजात कोणते अंश उजळायचे हे तो बऱ्याच अंशी ठरवतो. मात्र माउथपीस वाद्यात बसवलेला असताना असे आपटू नका. तो रुतून बसतो आणि मग पकडीने ओढताना नळी वाकते.

आता त्याचे भाग. ओठ टेकतात ती कड. कडेच्या आत वाटी. वाटीच्या तळाशी भोक असते, तो गळा. गळ्यापुढे हळूहळू रुंदावत जाणारी मागची नळी. आणि वाद्यात शिरतो तो दांडा. प्रत्येकाचे काम वेगळे. कड रुंद व गोलसर असली तर ओठांवरचा भार पसरतो. अरुंद असली तर ओठ मोकळेपणी हलतात, पण कड लवकर रुतते. वाटी उथळ असली की आवाज झळझळीत, धारदार होतो. खोल असली की भरदार, गोल होतो. म्हणूनच फ्रेंच हॉर्नची वाटी नरसाळ्यासारखी खोल असते. गळा मोठा केला तर हवा मोकळी जाते, पण दमही लवकर संपतो.

निवडीचा पहिला प्रश्न आमच्या काकांचाच: दांडा बसतो का? ट्रॉम्बोनचे दांडे मुख्यतः दोन मापांचे, लहान आणि मोठा. साडेसहा एएलसारखा एकच नंबर दोन्ही मापांच्या दांड्यांत मिळतो. माझी फसगत तिथेच झाली. जुन्या इंग्रजी घडणीच्या यूफोनियमना तर तिसरेच, मधले माप लागते. आपल्याकडची बरीच पितळी वाद्ये मेरठहून येतात. तिथे नादिर अली आणि कंपनी १८८५ पासून या धंद्यात आहे. पण वाद्य कुठलेही असो, प्रत्यक्ष बसवून पाहिल्यावाचून माउथपीस घेऊ नये. दांडा साधारण इंचभर आत जाऊन घट्ट बसला पाहिजे. हलवला तर डुगडुगता कामा नये. फार आत गेला किंवा टोकालाच अडकला, तर सुरांचे आपसातले अंतर बिघडते. कागद आणि चिकटपट्टी हा त्यावरचा उपाय नव्हे.

दुसरा प्रश्न नंबरचा. या नंबरांच्या पद्धतींत व्हिन्सेंट बाख यांची फार प्रसिद्ध. १८९० साली ऑस्ट्रियात जन्मलेला हा मनुष्य शिक्षणाने इंजिनिअर, पण मनाने ट्रंपेटवादक. त्याचा आवडता माउथपीस एका दुरुस्तीवाल्याने बिघडवला, असे सांगतात. तेव्हा १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये लेथ घेऊन त्याने स्वतःच माउथपीस घडवायला सुरुवात केली. त्याच्या पद्धतीत आकडा लहान तितकी वाटी रुंद. ट्रंपेटचा ७सी सुमारे १६.२ मिलिमीटर. ट्रॉम्बोनचा १२सी साडेचोवीस, साडेसहा एएल २५.४, आणि ५जी त्याहून किंचित मोठा. हा ५जी फोनचा नव्हे, बरे का! ट्यूबाची वाटी बत्तीसच्या आसपास. अक्षर खोलीचे: ट्रंपेटमध्ये ए म्हणजे खोल, ई म्हणजे उथळ, ट्रॉम्बोनमध्ये मात्र जी हे अक्षर खोल वाटीला दिलेले आहे. यामाहा या जपानी कंपनीची रीत बरोबर उलटी. तिथे आकडा मोठा तितकी वाटी रुंद. शिवाय मिलिमीटर कडेच्या नेमक्या कुठल्या बिंदूपासून मोजायचे, यातही कंपन्यांचे एकमत नाही. म्हणून नंबर हा पत्ता समजावा. त्या पत्त्यावर आपल्याला हवा तो माणूस राहतो की नाही, हे दार ठोठावूनच कळते.

नवशिक्याने मधले माप घ्यावे, हे उत्तम. ट्रंपेटला ७सी किंवा ५सी. लहान दांड्याच्या ट्रॉम्बोनला १२सी, आणि ओठ तयार झाले की साडेसहा एएल. मोठ्या ट्रॉम्बोनला ५जी. ज्याला यूफोनियमवर सावकाश, भारदस्त चाल वाजवायची आहे त्याने खोल वाटी घ्यावी. जाड ओठांना मोठा माउथपीस आणि पातळ ओठांना लहान, असा एक ठोकळ नियम सांगतात. तो खरा नाही. ओठांच्या जाडीपेक्षा पुढच्या दातांची ठेवण, माउथपीस टेकण्याची जागा आणि रियाज यांचा संबंध जास्त. पारख एकच, वाजवून पाहणे. आणि तीही दुकानात पाच मिनिटे उंच स्वर मारून नव्हे. नवा माउथपीस पहिल्या दिवशी सगळ्यांनाच आवडतो. आधी खालचा स्वर अगदी हळू आणि लांब धरावा. मग तीच ओळखीची चाल जुन्या आणि नव्या माउथपीसवर वाजवावी. एका मित्राला पन्नास पावलांवर पाठमोरे उभे करून कोणता आवाज भरला ते विचारावे. शेवटी, ओठ थकल्यावर पुन्हा एकदा वाजवावे. थकलेले ओठ खोटे बोलत नाहीत. एवढे झाले की पंधरा दिवस तोच ठेवावा आणि नंतर वरचेवर बदलू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचे. वरातीत डीजेच्या भिंतीपुढे बँडचा आवाज पोचावा म्हणून पोरे अगदी लहान, उथळ माउथपीस घेतात. दोन स्वर वर चढतात हे खरे. पण मग जोर कमी पडला की वाद्य ओठांवर दाबून धरतात. दाबाने ओठांतला रक्तप्रवाह थांबतो, ओठ सुजतात, बधिर होतात. लुई आर्मस्ट्राँगसारख्या जगद्विख्यात ट्रंपेटवादकाला ओठ बरे व्हावेत म्हणून १९३५ च्या सुमारास काही काळ वाजवणे थांबवावे लागले. ओठांभोवतीचा स्नायू फाटण्याच्या दुखण्याला वैद्यकात त्याच्याच टोपणनावावरून 'सॅचमो सिंड्रोम' म्हणतात. त्याला विश्रांती परवडली. आपल्या बँडवाल्याची मात्र ऐन वैशाखातली चार लग्ने बुडाली तर घरचे वर्ष बुडते. तेव्हा उंच स्वर माउथपीसमध्ये शोधू नका. तो श्वासात आणि रियाजात असतो.

शेवटी स्वच्छतेबद्दल दोन शब्द. पितळेच्या भांड्यात ताक कळकते म्हणून आपण कल्हई करतो. माउथपीसवर चांदीचा मुलामा असतो तो याच कारणाने. मुलामा उडून पितळ ओठांना लागू लागले की तो पुन्हा चढवून घ्यावा. चिंच आणि राखेने घासू नये, कड झिजते. कोमट पाणी, थोडा साबण आणि गळ्यात जाईल असा बारीक ब्रश पुरे. वरातीत पंगत उरकून, तोंडात पान-तंबाखू ठेवून वाजवणारे असतात. त्याचा चोथा गळ्यात बसतो आणि मग वाद्यालाच दोष मिळतो. आणि एकाचा माउथपीस दुसऱ्याने वाजवू नये. आपण कुणाचे उष्टे पाणी पीत नाही, मग त्याच्या ओठांचा पेला कसा चालतो? वाद्य कंपनीचे असले तरी चालेल. माउथपीस मात्र ज्याचा त्याने स्वतःचा, आपल्या खिशात ठेवावा.

आमच्या त्या ट्रॉम्बोनला पुढे मोठ्या दांड्याचा माउथपीस मिळाला. नंबर तोच, साडेसहा एएल. पुढच्या संचलनाला काकांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवले. मुलाने पहिला लांब स्वर धरला तेव्हा त्यांनी डोळे मिटून मान हलवली, अगदी मिरजेच्या त्या कारागिरासारखी. मी त्या मुलाची आधी केलेली कानउघाडणी सर्वांदेखत परत घेतली. तेव्हा तुमच्या बँडमधले एखादे पोर बेसूर झाले तर त्याला बोलण्याआधी एकदा त्याचा माउथपीस हलवून पाहा, एवढीच माझी विनंती.