तीन तारखांचे स्वातंत्र्य : मराठी तरुणांचा देशाभिमान, १९३८ ते १९६१

मराठी मुलखाला आणि शेजारच्या गोव्याला स्वातंत्र्य एकाच दिवशी मिळाले नाही. मुंबई, पुणे, सातारा, खानदेश, विदर्भ येथे ते १५ ऑगस्ट १९४७ रोजी आले. मराठवाड्यात ते निजामाचे राज्य संपल्यावर, १७ सप्टेंबर १९४८ रोजी आले, आणि गोव्यात पोर्तुगीज अंमल उठल्यावर, १९ डिसेंबर १९६१ रोजी. या काळात वयात आलेल्या तरुणांच्या देशाभिमानावर या तिन्ही तारखांची खूण आहे. देश स्वतंत्र झाला, पण त्याचा एखादा भाग अजून बाहेरच आहे. आणि जो भाग आत आला तिथेही काही माणसांना देवळात जाता येत नाही, विहिरीवर पाणी भरता येत नाही. ही बोच या पिढीने वीस-बावीस वर्षे सोसली. म्हणून तिचा अभिमान हाती आलेल्या गोष्टीचा कमी आणि राहिलेल्या कामाचा जास्त होता.

मागोवा मराठवाड्यापासून घ्यावा लागतो, कारण तिथे अभिमान बोलून दाखवणे हाच गुन्हा होता. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातील आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हक्क मागितला. बंदी आली, ती त्यांनी मोडली आणि शेकडो जणांना शिक्षणसंस्थांबाहेर काढण्यात आले. नागपूर विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी यातील अनेकांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकी एक. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे बरेचसे कार्यकर्ते या एका घटनेतून घडले. विद्यार्थ्याच्या पटावरचे नाव ही लहान गोष्ट नव्हे. मराठवाड्यातील अनेक घरांतून कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच पिढी होती.

पुण्यातला प्रश्न निराळा होता. देशावर प्रेम करावे याविषयी तिथे वाद नव्हता. देश कोणाचा मानावा याविषयी होता. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना १९२५ साली नागपुरात झाली आणि पुढच्या दशकात त्याच्या शाखा पुण्यातही वाढल्या. रोज संध्याकाळी मैदानावर जमायचे, खेळायचे, कवायत करायची, एका सुरात गायचे, याची ओढ तरुण मुलांना किती असते हे काँग्रेसमधल्या समाजवादी मंडळींच्या लक्षात आले. अशीच शाखा असावी, पण तिच्यात सर्व जातिधर्मांची मुले असावीत आणि मुलीही असाव्यात, या विचाराने ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दल उभे राहिले. दलप्रमुख झाले एस. एम. जोशी. पर्वतीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२९ साली झालेल्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला होता, आणि काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना नाशिकच्या तुरुंगात आकाराला आली तेव्हाही ते तिथल्या मंडळींत होते. सेवा दलाने पुढे राष्ट्रवाद, लोकशाही, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि विज्ञाननिष्ठा ही आपली मूल्ये मानली. ती एकत्र वाचली की त्या संघटनेचा खरा दावा कळतो : पहिले मूल्य उरलेल्या चारांवाचून उभे राहू शकत नाही. झेंडावंदनानंतर होणाऱ्या बौद्धिकात देशाच्या थोरवीबरोबर जातीचाही विषय निघे, आणि शिबिरात सगळे एका पंगतीला जेवत. १९४१ सालच्या महाराष्ट्रात एका पंगतीचे जेवण हे कोणत्याही भाषणापेक्षा धाडसाचे होते.

दल स्थापन होऊन जेमतेम चौदा महिने झाले आणि 'चले जाव'ची हाक आली. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मोठे नेते पकडले गेल्यामुळे आंदोलन आपोआपच तरुणांच्या हाती पडले. मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. ऑगस्टच्या अखेरीस सुरू झालेले ते केंद्र नोव्हेंबरमध्ये पोलिसांच्या हाती लागेपर्यंत जागा बदलत बोलत राहिले. ९ सप्टेंबरला नंदुरबारमध्ये शाळकरी मुलांची प्रभातफेरी पोलिसांनी अडवली आणि गोळीबार केला. त्यात शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे साथीदार मारले गेले. शिरीषकुमारच्या घरची भाषा गुजराती होती. खानदेशाने त्याला आपला हुतात्मा मानले, त्यात भाषेचा प्रश्न कोणाला पडला नाही. एस. एम. जोशी दाढी वाढवून 'इमामअली' या नावाने मुंबईत भूमिगत होते, ते १९४३ साली पकडले गेले.

सातारा जिल्ह्यात मात्र लढ्याने वेगळेच रूप घेतले. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात तिथे ब्रिटिश सत्तेला समांतर असे प्रतिसरकार चालले. नाना पाटील चाळिशी ओलांडलेले, पण जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी हे त्यांचे आघाडीचे साथी १९२२ साली जन्मलेले, म्हणजे पुरते पंचविशीचेही नव्हते. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेगाडी आणि १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात सरकारी खजिना लुटणे ही त्यांची गाजलेली कामे. तरी प्रतिसरकारचे खरे मोल वेगळ्या कामांत आहे. गावोगावी लोकन्यायालये चालली, सावकारी आणि दारू यांना आळा घातला गेला, हुंडा आणि मानपान यांना फाटा देऊन थोडक्यात लग्ने लावली जाऊ लागली. स्वतःचे सरकार कसे असेल याचा नमुना या तरुणांनी स्वातंत्र्याच्या आधीच गावकऱ्यांना दाखवला. खबऱ्यांना दिलेल्या शिक्षा कठोर होत्या आणि त्यांवरचे मतभेद आजही मिटलेले नाहीत; पण शेतकरी घरातल्या मुलांनी राज्य चालवून पाहिले ही गोष्ट त्यामुळे लहान होत नाही.

या पिढीच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटवला तो साने गुरुजींनी. पालगडचा हा कोकणी मुलगा शिक्षक झाला अंमळनेरला, आणि १९३० साली शाळा सोडून सत्याग्रहात उतरला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडच्या राजबंद्यांबरोबर राहताना त्यांना जाणवले की आपण ज्या देशासाठी तुरुंगात आलो त्या देशातल्या शेजाऱ्याची भाषाही आपल्याला येत नाही. पुढे ज्याला त्यांनी 'आंतरभारती' म्हटले त्या स्वप्नाचे मूळ इथे आहे : प्रत्येक प्रांतातल्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा, गाणी आणि माणसे ओळखावीत. देशाभिमान म्हणजे देशातल्या माणसांची ओळख, हा त्यांचा साधा अर्थ होता. 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली आणि १९३५ साली प्रसिद्ध झाली. सेवा दलात येणारी बहुतेक मुले ती वाचून आलेली असत.

स्वातंत्र्य तीन-साडेतीन महिन्यांवर आले असताना गुरुजींनी या तरुणांसमोर सर्वांत अवघड प्रश्न ठेवला. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दर्शन दलितांना खुले नाही. मग हे स्वातंत्र्य कोणाचे? आधी ते महिनोन् महिने महाराष्ट्रभर हिंडले. सेवा दलाचे कलापथक बरोबर होते. सभेआधी गाणी होत आणि कित्येक गावांत सभेनंतर विहिरी आणि देवळे खुली केली जात. १ मे १९४७ रोजी गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. गांधीजींना हे उपोषण पसंत नव्हते आणि ते थांबवावे असे त्यांनी कळवलेही. गुरुजी ठाम राहिले. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावरच त्यांनी ते सोडले. महाराष्ट्रातल्या तरुणांच्या देशाभिमानाच्या इतिहासात पंधरा ऑगस्टच्या बरोबरीने या तारखेची नोंद व्हायला हवी.

मराठवाड्यातले तरुण पंधरा ऑगस्टला निजामाच्या राज्यातच होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात कॉलेजे सोडून आलेल्या मुलांनी सरहद्दीवरच्या छावण्या भरल्या. तिथून ती नाकी, चौक्या आणि निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचे अड्डे यांवर चालून जात. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली, आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. मारेकरी महाराष्ट्रातला निघाला. पश्चिम महाराष्ट्रात जाळपोळ उसळली आणि शेजाऱ्यानेच शेजाऱ्याचे घर पेटवले. साने गुरुजींनी प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचे उपोषण केले. आपल्या माणसांच्या हातून घडलेल्या गोष्टीची लाज वाटणे हाही देशाभिमानाचाच भाग आहे, हा धडा सेवा दलाच्या मुलांना तिथे मिळाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला गुरुजींनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. पुढे यदुनाथ थत्ते यांनी ते दीर्घकाळ सांभाळले. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःहून जीवनयात्रा संपवली. हजारो तरुणांना घरातला माणूस गेल्यासारखे दुःख झाले.

स्वातंत्र्यानंतर सेवा दलाने सत्ताधारी पक्षात विलीन न होता स्वतंत्र राहणे पसंत केले. पैसा आणि मान दोन्ही आटले, पण काम वाढले. वसंत बापट आणि लीलाधर हेगडे यांच्या कलापथकाने 'महाराष्ट्र दर्शन' आणि 'भारत दर्शन' हे कार्यक्रम गावोगाव नेले; परप्रांतातील नृत्ये आणि लोकगीते मराठी खेड्यांनी पहिल्यांदा पाहिली ती बहुधा याच रंगमंचावर. पु. ल. देशपांडे यांनी पथकासाठी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य लिहिले. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारे निळू फुले याच पथकातून नट म्हणून पुढे आले. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून मृणाल मोहिले सेवा दलाच्या कामात शिरल्या, १९४८ साली बंडू गोरे यांच्याशी आंतरजातीय विवाह करून गोरेगावात राहिल्या आणि तिथल्या वस्त्यांचे प्रश्न त्यांनी आयुष्यभर लावून धरले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई याच वातावरणात वाढले. १९७० साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. 'एक गाव एक पाणवठा' चळवळ उभी करणारे बाबा आढाव हेही याच घडणीतले.

दलित तरुणांची आशा मात्र वेगळ्या वाटेने चालली होती, आणि तिची नोंद घेतल्याशिवाय हा मागोवा खोटा ठरेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. घटना समितीतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले होते की राजकारणात समता आणि समाजात विषमता हा विरोध फार काळ टिकला तर लोकशाहीच धोक्यात येईल. सिद्धार्थ आणि मिलिंदमधून बाहेर पडलेल्या मुलांचा भरवसा राज्यघटनेवर होता, आणि देशाकडे हक्काने मागणे हेच त्यांचे देशप्रेम होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेने त्या मागण्याला स्वाभिमानाची जोड दिली.

१९५० च्या दशकात सुशिक्षित तरुणांच्या डोळ्यांसमोर आणखी एक चित्र होते : पुण्यात १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना, १९५६ साली कार्यान्वित झालेली तुर्भ्याची 'अप्सरा' अणुभट्टी, कोयनेचे धरण. मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे या मागणीवर मात्र केंद्र सरकारशी संघर्ष झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत तरुणांचा भरणा मोठा. संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस होते तेच एस. एम. जोशी. भाषेचा अभिमान आणि देशाचा अभिमान यांत वैर नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या काळाने ते खरे ठरवले.

गोवा उरला होता. राममनोहर लोहिया यांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात सभाबंदी मोडून तिथल्या चळवळीत नवा जीव आणला होता. त्याआधी आणि त्यानंतरही मुख्य भार गोमंतकीयांनीच उचलला. महाराष्ट्रातले तरुण मोठ्या संख्येने त्यात आले ते १९५४ पासून. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा घेऊन दादरा-नगरहवेली मुक्त करणाऱ्यांत गोव्यासाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाबरोबर संघाचे स्वयंसेवक होते, गायक सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या तुकडीने सत्याग्रहाला तोंड फोडले. मधू लिमये जुलैमध्ये गोव्यात शिरले. पुण्याच्या मैदानावर एकमेकांसमोर शाखा भरवणारे दोन्ही विचारांचे तरुण गोव्याच्या प्रश्नावर एकाच बाजूला उभे राहिले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून आत शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि वीसहून अधिक जण ठार झाले. पनवेलचे हिरवे गुरुजी त्यांतले एक. भारत सरकारने त्यानंतर सीमा बंद केली आणि सत्याग्रह थांबवायला लावले. दिल्लीच्या या सावधपणाचा तरुणांना विलक्षण राग आला, आणि तो समजण्याजोगा होता.

तरी काम थांबले नाही. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे तरुण सह्याद्रीच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवू लागले. साप, पाऊस आणि एकांत सोसत त्यांनी सहा वर्षे रोजच्या बातम्या पोचवल्या. गोवा मुक्त झाल्याची घोषणा पणजीवर घिरट्या घालणाऱ्या विमानातून ध्वनिवर्धकावर झाली, तीही त्यांनीच केली.

सांगलीचे मनोहर आपटे गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले आणि मोहन रानडे या नावाने आझाद गोमंतक दलात लढले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील चौकीवरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले तेव्हा विशीतच होते. सव्वीस वर्षांची शिक्षा देऊन त्यांना लिस्बनजवळच्या कॅशियासच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. गोवा मुक्त झाला तरी त्यांची सुटका झाली नाही. सुधीर फडके आणि इतरांनी त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे प्रयत्न चालू ठेवले आणि जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. परत आल्यावर रानडे यांनी उरलेले आयुष्य सामाजिक कामाला दिले.