निर्यातशुल्क कोणाच्या खिशातून जाते?

निर्यातशुल्क (परदेशी जाणाऱ्या मालावर सरकार घेते तो कर) परदेशी ग्राहकच भरतो, असा अनेकांचा समज आहे. नेहमी तसे घडत नाही. उदाहरणार्थ, परदेशी ग्राहकाला दुसऱ्या देशाचा स्वस्त कांदा मिळत असेल, तर आपला निर्यातदार कराची रक्कम खरेदीदरातून वजा करतो. चारीचे तोंड पुढे बुजवले की पाणी मागे तुंबते. तसाच परदेशी न गेलेला माल लासलगावसारख्या कांद्याच्या बाजार समितीत साचतो आणि लिलावात भाव उतरतो. असे निर्णय केंद्र सरकार घेते: ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के शुल्क लागले, डिसेंबरात निर्यातबंदी आली. शेतकऱ्याच्या हाती पैसा कमी आला, की गावातल्या किराणा दुकानदाराचीही विक्री घटते. म्हणून भाव पडल्यावर केवळ स्थानिक व्यापाऱ्याला दोष देण्याआधी दिल्लीतले निर्णयही तपासावेत.