खाडीतला दुर्मीळ पाहुणा कसा शोधायचा?

बदलापूरवरून वाहणारी आपली उल्हास नदी कल्याणच्या पुढे खाडी होते. पुढे एका अरुंद फाट्याने ती ठाणे खाडीलाही जोडलेली आहे. ठाणे खाडीत २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि २०२२ साली रामसर, म्हणजे जगात महत्त्वाची पाणथळ जागा, असा दर्जा मिळाला.

गुलाबी फ्लेमिंगो लगेच नजरेत भरतात. आज मात्र एका साध्या राखाडी पाखराबद्दल बोलू या. त्याचं नाव ग्रेट नॉट. सैबेरियात अंडी घालतो आणि थंडीत बहुतेक ऑस्ट्रेलियाला जातो. भारताच्या किनाऱ्यावर थोडेच येतात, म्हणून खाडीत तो दिसला तर मोठीच गोष्ट.

शोधायचा कसा? आधी वेळ साधायची. कोळी भगिनींचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. त्याआधी दीड-दोन तास काठावर उभं राहायचं. पाणी चढतं तसे चिखलात चरणारे पक्षी आपोआप जवळ येतात. चिखलात उतरायचं नाही, पाय रुततात.

मग थवा नीट बघायचा. लाल पायांचा टिलवा बाजूला काढा. लांब, खाली वाकलेल्या चोचीची छोटी तुतारी बाजूला काढा. उरलेल्यांत अंगाने भरलेला, छातीवर काळपट ठिपके, आखूड हिरवट पाय आणि जवळपास सरळ, डोक्यापेक्षा लांब चोच असा कोणी आहे का? तो शिंपले अख्खेच गिळतो. आपण ज्या तिसऱ्या-शिवल्या वेचतो, तसलंच त्याचं जेवण.

इतका शोध कशासाठी? दक्षिण कोरियात सेमांगम इथे २००६ साली सुमारे ३३ किलोमीटरचा बांध घालून खाडीचं तोंड बंद केलं. प्रवासात तिथे पोट भरणारे हजारो ग्रेट नॉट नाहीसे झाले. २०१५ पासून हा पक्षी जगाच्या धोक्यातल्या यादीत आहे. चिखल म्हणजे पडीक जागा नव्हे. शिंपल्यांचं शेत आहे ते. ते बुजलं की पाखरू जातं, आणि शिंपले वेचणाऱ्या बाईची कमाईही जाते.

गटाची सहल काढायची असेल तर ठाण्याहून ऐरोलीला लोकल आहे. तिथे वनविभागाचं जैवविविधता केंद्र आहे. बोटीची वेळ भरतीवर ठरते, आधी विचारून जा. थव्यामागे धावू नका, दगड मारू नका. पायात कडी असलेला पक्षी मेलेला सापडला, तर कडीवरचा नंबर, तारीख आणि जागा लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. ग्रेट नॉट दिसला नाही, तरी जे दिसले ते मोजून वहीत लिहा. दरवर्षीचा आकडा ठेवला, तरच काय कमी झालं ते कळेल. बचतीची वही आपण अशीच तर ठेवतो ना!