आत्ता म्हणजे नेमकं कधी?

मराठवाड्यातल्या करमाडहून मुंबई सरळ रेषेत सुमारे 300 किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो. जालना रोडच्या कडेला उभ्या असलेल्या एखाद्या मुलाने मोबाइलवरच्या खेळात गोळी झाडायला बोट टेकवलं, तर तो इशारा मुंबईच्या डेटा सेंटरला पोहोचून उत्तर परत यायला किमान 3 मिलिसेकंद लागणारच. सर्व्हर सिंगापूरला असेल तर किमान 37 आणि लंडनला असेल तर किमान 73. हा हिशोब पदार्थविज्ञानाचा आहे. काचेच्या तंतूतून जायचं, तर कुठल्याही कंपनीला, कितीही पैसा ओतला तरी, यातून एक मिलिसेकंदही कापता येत नाही. प्रत्यक्षातले आकडे तर याहून बरेच मोठे असतात, कारण केबली समुद्राच्या तळातून वळसे घेत जातात आणि वाटेत टॉवर, राउटर, स्विच अशी थांबण्याची ठिकाणं लागतात.

आता असं समजा, करमाडच्या मुलाने आणि लंडनमधल्या खेळाडूने एकमेकांच्या यानावर एकाच क्षणी गोळी झाडली. आधी कोणाचं यान फुटलं? दोघांच्या पडद्यांवरचा ‘आत्ता’ वेगवेगळा आहे आणि सर्व्हरचा तिसराच. बहुखेळाडू अवकाशखेळांच्या साठ वर्षांत तारे, ग्रह, स्फोट अधिकाधिक सुंदर होत गेले, हे कोणालाही दिसतं. मला त्यापेक्षा मोलाचा वाटतो तो न दिसणारा भाग. दूरदूरच्या माणसांनी एकच क्षण एकत्र जगावा, यासाठी प्रोग्रामरांनी केलेली धडपड म्हणजे तो भाग.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. 1962 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-1 या संगणकावर ‘स्पेसवॉर!’ लिहिला. दोन यानं, मध्ये एक तारा आणि त्याचं गुरुत्वाकर्षण. पीटर सॅमसनने मागे खऱ्या आकाशाचा नकाशा घातला. पण दोन्ही खेळाडू एकाच यंत्रापुढे बसलेले, म्हणून घड्याळही एकच. 1973-74 मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शिक्षणासाठी उभारलेल्या जाळ्यावर ‘एम्पायर’ आणि ‘स्पासिम’ आले. जिम बॉवरीच्या ‘स्पासिम’मध्ये 32 जण चार ग्रहमालांत विखरून खेळू शकत होते. तारेतून सेकंदाला जेमतेम 1200 बिट जात असल्यामुळे पडदा साधारण सेकंदातून एकदा बदले. यान दिसे रेघांच्या सांगाड्यासारखं, तेही थांबत थांबत. तरी विद्यार्थी रात्र-रात्र खेळत, कारण समोरचं यान दुसऱ्या गावातला जिवंत माणूस चालवतो आहे, हा थरार नवा होता.

खरा बदल झाला ‘नेटट्रेक’मध्ये. बर्कलेच्या विद्यार्थ्यांनी 1986 च्या ‘एक्सट्रेक’मधून तो घडवला आणि 1980 चं दशक संपता संपता इंटरनेटवर आणला. आठ विरुद्ध आठ खेळाडू आणि चाळीस ग्रह. यात काम वाटून दिलं होतं. सर्व्हर सत्य ठरवणार, खेळाडूचा संगणक ते फक्त दाखवणार आणि बटणांचे इशारे पाठवणार. आज ही गोष्ट इतकी सवयीची झाली आहे, की तिच्यातलं शहाणपण लक्षातच येत नाही. खेळाडूच्या यंत्रावर विश्वास ठेवला, की फसवणुकीला दार उघडलं. नेटट्रेकवाल्यांना हे लवकर कळलं. आपोआप नेम धरणारे बनावट प्रोग्राम फिरू लागले, तेव्हा त्यांनी अस्सल प्रोग्राम ओळखण्यासाठी आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत वापरली. नंतर त्यांनी टीसीपी या निरोप पोहोचवण्याच्या पद्धतीच्या जोडीला यूडीपी या दुसऱ्या पद्धतीची सोय केली. टीसीपी हरवलेला निरोप परत मागवते आणि तोवर मागचे सगळे निरोप अडवून धरते. यूडीपी हरवलेलं सोडून देते. यान अर्ध्या सेकंदापूर्वी कुठे होतं हे आता कळून उपयोग काय? आज मोबाइलवर चालणारे बहुतेक वेगवान खेळ याच विचारावर उभे आहेत.

अवकाशाची म्हणून एक खास अडचण आहे. संगणक जागेचं मोजमाप सहसा 32 बिटांच्या दशांश संख्येत ठेवतो. तिच्यात सातेक आकडेच अचूक बसतात. मूळ बिंदूपासून साधारण 8,400 किलोमीटर दूर गेलं, की दोन लगतच्या जागांमधलं अंतर एक मीटर होतं. हे पृथ्वीच्या व्यासापेक्षाही कमी अंतर आहे! तिथे यान सरकत नाही, मीटर-मीटरच्या उड्या मारतं आणि वैमानिकाचा हात खांद्यातून निखळल्यासारखा थरथरतो. यावर दोन उपाय आहेत. एकात खेळाडूलाच कायम मूळ बिंदूवर ठेवून त्याच्याभोवती सारं विश्व सरकवतात. एकटा खेळाडू असेल तर हे झकास चालतं, पण हजारो जण असले की प्रत्येकाचा मूळ बिंदू वेगळा होतो. दुसरा उपाय 64 बिटांचा. तो घेतला तर प्लुटोइतक्या अंतरावरही पायरी सुमारे एक मिलिमीटरची राहते. ‘स्टार सिटिझन’च्या निर्मात्यांनी हा मार्ग धरला आणि त्यासाठी हाती असलेलं क्रायइंजिन आतून बदलून घेतलं.

मात्र या सगळ्या कहाणीत माझं मन सर्वांत जास्त अडकतं ते आइसलँडमध्ये. रेक्याविकच्या सीसीपी या कंपनीने 1998 मध्ये एक पटावरचा खेळ विकून भांडवल उभं केलं आणि 6 मे 2003 रोजी ‘ईव्ह ऑनलाइन’ सुरू केला. बाकीचे ऑनलाइन खेळ गर्दी झाली, की त्याच जगाच्या अनेक प्रती काढतात. तुम्ही एका प्रतीत, तुमचा मित्र दुसऱ्या. सीसीपीने हट्ट धरला, की आकाश एकच राहील. चीनसाठी वेगळा सर्व्हर निघाला, पण बाकी जगातले सगळे लंडनमधल्या एकाच यंत्रसमूहावर. आज त्यात साडेसात हजारांहून अधिक तारामंडळं आहेत.

हे कसं जमलं? सर्व्हरचा ठोका त्यांनी मुद्दाम संथ ठेवला. नेमबाजीच्या खेळात सर्व्हर सेकंदाला 30 किंवा 60 वेळा जगाचा हिशोब करतो, ईव्हमध्ये एकदा. शिवाय प्रत्येक खेळाडूच्या संगणकावर तेच गणित तसंच चालू असतं. करमाडच्या आणि पुण्याच्या घरात एकच पंचांग असलं, तर ग्रहण कधी लागणार हे एकमेकांना फोन करून विचारावं लागत नाही. तसं इथे प्रत्येक यानाची जागा पाठवावी लागत नाही. कोणी दिशा बदलली, कोणी तोफ सुरू केली, एवढंच कळवलं की पुरे. आणि ठोका पूर्ण सेकंदाचा असल्याने लंडनपर्यंतचे दीड-दोनशे मिलिसेकंद त्यात सहज मावतात. मराठवाड्यातला खेळाडू इथे लंडनकराच्या जवळपास बरोबरीने बसतो. तंत्रज्ञानाने केलेला न्याय म्हणतात तो हा, असं मला मनापासून वाटतं.

पण गर्दीला उत्तर हवंच होतं. शंभर यानं एकत्र आली, तर प्रत्येकाची हालचाल उरलेल्या 99 जणांना कळवायची, म्हणजे 9,900 निरोप. हजार आली तर जवळपास 10 लाख. खेळाडू दहापट, काम शंभरपट. त्यात ईव्हचा गाभा स्टॅकलेस पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला. पायथन एका वेळी एकाच धाग्यावर काम करते, त्यामुळे एका तारामंडळाचं ओझं प्रोसेसरच्या अनेक कोअरवर वाटता येत नव्हतं. मोठी लढाई ठरली, की खेळाडूंनी कंपनीला आधी अर्ज भरून कळवायचं, म्हणजे त्या तारामंडळासाठी तगडं यंत्र राखून ठेवता येई. तरीही सर्व्हर गुदमरायचा. कोणाची तोफ दहा मिनिटांनी सुटे, कोणाची सुटतच नसे. हरलेल्याला आपण शत्रूपुढे हरलो की सर्व्हरपुढे, हेही कळत नसे.

जानेवारी 2012 मध्ये सीसीपीने यावर काढलेला तोडगा मला या क्षेत्रातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटतो. सर्व्हरवर ताण आला, की त्या तारामंडळातला काळच हळू करायचा, आणि सगळ्यांसाठी सारखाच. काळ जास्तीत जास्त दहा टक्के गतीपर्यंत उतरवता येतो. तेव्हा खेळातला एक सेकंद घड्याळातल्या दहा सेकंदांचा होतो. यानं मधातून जावीत तशी सरकतात, पण प्रत्येकाचा हुकूम आपल्या क्रमाने पाळला जातो. वेग गेला तरी चालेल, क्रम जाता कामा नये, असा हा निर्णय होता.

त्याची कसोटी 27 जानेवारी 2014 रोजी लागली. बी-आर5आरबी नावाच्या तारामंडळाच्या ताब्यासाठी द्यायचं देखभालीचं बिल एका आघाडीकडून भरलं गेलं नाही. ताबा सुटला, शत्रू धावून आले. आधी कळवलेली लढाई नव्हती, म्हणून तगडं यंत्र राखलेलं नव्हतं. लढाई सुमारे 21 तास चालली, साडेसात हजारांहून अधिक खेळाडू येऊन-जाऊन लढले आणि 75 टायटन फुटले. टायटन म्हणजे बांधायला महिनोन्‌महिने लागणारं महायान. खेळातल्या चलनाचा खऱ्या पैशात हिशोब केला, तर 3 लाख डॉलरच्या आसपास नुकसान झालं. पूर्ण वेळ गती दहा टक्के धरली, तर त्या 21 तासांत खेळातले जेमतेम दोन तास गेले. पण सर्व्हर कोसळला नाही.

ऑक्टोबर 2020 मध्ये एकाच लढाईत एका वेळी 6,557 खेळाडू हजर राहिले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. पुढच्याच जानेवारीत दुसऱ्या एका प्रचंड लढाईत मात्र यंत्रणेने मान टाकली आणि उडी घेऊन आलेली यानं मध्येच अडकली. गर्दीच्या वर्गाने वाढणारं काम काळ हळू करून लांबवता येतं, मिटवता येत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला ‘नो मॅन्स स्काय’. गणिती सूत्रातून 2 च्या 64 व्या घाताइतके ग्रह, आणि ऑगस्ट 2016 मध्ये खेळ येताच दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी गेले, तर एकमेकांना दिसलेच नाहीत. ग्रह सूत्रातून निघतो, म्हणून दोघांनाही सारखा दिसत होता. माणूस सूत्रातून निघत नाही, तो जाळ्यातूनच यावा लागतो. ती सोय नीट व्हायला जुलै 2018 उजाडला.

आपल्या महाराष्ट्रात या वाटेवर सर्वांत पुढे गेलेलं नाव म्हणजे पुण्याची सुपरगेमिंग. ‘मास्कगन’नंतर त्यांनी ‘इंडस’ हाती घेतला आणि 16 ऑक्टोबर 2024 रोजी तो लोकांसाठी खुला केला. शेवटी उरेल तो जिंकतो अशा ‘बॅटल रॉयल’ प्रकारचा हा खेळ घडतो विरलोक नावाच्या परग्रहावर. शेवटच्या टप्प्यात कॉस्मियम नावाचं खनिज ताब्यात घेणाराही जिंकतो, सगळ्यांना मारावंच लागतं असं नाही. खेळ येण्याआधीच त्याच्या नावनोंदणीने एक कोटीचा टप्पा ओलांडला होता. मला महत्त्वाचं वाटतं ते पडद्यामागचं. खेळाडूंच्या जोड्या लावणं, सर्व्हर कमी-जास्त करणं, प्रत्येकाच्या प्रगतीची नोंद ठेवणं यासाठी ‘सुपरप्लॅटफॉर्म’ ही यंत्रणा त्यांनी स्वतः बांधली. हे काम पुण्यात बसून शिकता येतं आणि करता येतं, हे त्यातून दिसलं.

‘इंडस’सारख्या नेमबाजीच्या खेळाला ईव्हसारखा सेकंदाचा ठोका परवडत नाही. सेकंदाला 60 ठोके म्हटले, तर एक ठोका 17 मिलिसेकंदांपेक्षाही लहान. म्हणून अशा खेळांत दोन युक्त्या चालतात. पहिली 1996 मध्ये ‘क्वेकवर्ल्ड’साठी जॉन कारमॅकने आणली. सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता तुमचं पात्र तुमच्या मोबाइलवर लगेच हलवायचं, चुकलं तर मागून दुरुस्त करायचं. दुसरीत सर्व्हर मागचा थोडा काळ लक्षात ठेवतो आणि तुम्ही गोळी झाडली त्या क्षणी तुमच्या पडद्यावर शत्रू जिथे होता, तिथपर्यंत मागे जाऊन निवाडा देतो. म्हणूनच कधी कधी भिंतीआड पोहोचल्यावरही गोळी लागते. तुमच्या ‘आत्ता’मध्ये तुम्ही भिंतीआड होता, समोरच्याच्या ‘आत्ता’मध्ये नव्हता. मुलं याला चीटिंग म्हणून भांडतात. बहुतेक वेळा ते दोन घड्याळांचं भांडण असतं.

युक्त्या कितीही असल्या, तरी त्या झाकतात ते अंतर लहान असावं लागतं. म्हणून ॲमेझॉनने 2016 मध्ये आणि गुगलने 2017 मध्ये मुंबईत क्लाउडची केंद्रं उघडली, ती घटना आपल्याकडच्या खेळाडूंसाठी फार मोठी होती. त्याच सुमारास, सप्टेंबर 2016 पासून, जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि गावागावांतली मुलं या खेळांत उतरली. मुंबईतली केंद्रं येण्याआधी सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याचा पराभव अर्धा तर अंतरानेच ठरवलेला असे. 

आता मुंबईपर्यंतचे 3 मिलिसेकंद हा प्रश्न उरलेला नाही. उरला आहे तो मोबाइल ते टॉवर हा शेवटचा टप्पा. करमाडजवळच्या शेंद्र्याच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्या सुटल्या, की एकाच टॉवरवर शेकडो फोन रांगेत उभे राहतात. पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, सतत 60 मिलिसेकंद असेल, तर खेळ ते सांभाळून घेतो. तो 25 वरून 200 वर आणि परत 30 वर उड्या मारत असेल, तर कुठलीही युक्ती पुरत नाही, कारण पुढचा निरोप कधी येईल याचा अंदाजच बांधता येत नाही. मुलगा चिडून मोबाइल आपटतो तेव्हा त्याच्या बोटांचा दोष नसतो, हे घरच्यांनीही समजून घ्यावं.

हे सारं डोळ्यांनी पाहायची सोय इंजिनिअरिंगच्या कुठल्याही प्रयोगशाळेत होऊ शकते. नेटट्रेकचा सोर्स कोड आजही खुला आहे. एका संगणकावर सर्व्हर, बाकीच्यांवर खेळाडू, आणि लिनक्समधली नेटेम ही सोय वापरून एका खेळाडूच्या वाटेत मुद्दाम उशीर घालायचा. आधी 3 मिलिसेकंद, मग 37, मग 73, आणि शेवटी 25 ते 200 च्या मध्ये हेलकावणारा. कुठल्या आकड्याला यान हाताबाहेर जायला लागतं, ते विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावं.