प्रथिने भरपूर, तरी मर का वाढते? ब्रॉयलरच्या खाद्यातलं अमिनो आम्लांचं गणित

वाणगाव : मिरची, चिकू आणि भाताच्या या पट्ट्यात ब्रॉयलर कोंबडीचं शेड हा अनेकांना जोडधंदा वाटतो. लॉट चांगला गेला तर हातात पैसे येतात. मर वाढली तर महिना-दीड महिन्याची मेहनत वाया जाते. मग बोट दाखवलं जातं ते हवेकडे नाहीतर लसीकडे. खाद्याच्या गोणीवर ‘प्रथिने 23 टक्के’ वाचलं की समाधान होतं. पण नुसता हा आकडा पुरत नाही. ती प्रथिने कोणत्या अमिनो आम्लांची बनली आहेत, त्यावर पक्ष्याची वाढ आणि रोगाशी झुंजण्याची ताकद दोन्ही ठरतात.

अमिनो आम्लं म्हणजे काय?

प्रथिने सुमारे 20 प्रकारच्या अमिनो आम्लांच्या जोडणीतून बनतात. काही कोंबडीचं शरीर स्वतः बनवतं. लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन, आर्जिनिन मात्र खाद्यातूनच मिळावी लागतात. घर बांधताना विटा भरपूर आल्या, पण सिमेंट अर्धंच आलं, तर भिंत अर्धीच होते; उरलेल्या विटा पडून राहतात. इथेही तसंच. एक अमिनो आम्ल कमी पडलं की बाकीची असूनही उपयोगी पडत नाहीत.

मका आणि सोयापेंडीच्या खाद्यात सगळ्यात आधी मेथिओनिन कमी पडतं, मग लायसिन, मग थ्रिओनिन. म्हणून खाद्य कारखान्यात ही वेगळी घातली जातात. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या 1994 च्या शिफारशीनुसार पहिल्या तीन आठवड्यांच्या खाद्यात 23 टक्के प्रथिनांसोबत लायसिन 1.1, मेथिओनिन 0.5 आणि थ्रिओनिन 0.8 टक्के हवं. म्हणजे 50 किलोच्या गोणीत अनुक्रमे 550, 250 आणि 400 ग्रॅम. आताच्या झपाट्याने वाढणाऱ्या जातींना लायसिन याहून जास्त दिलं जातं.

रोगाशी संबंध कसा?

राणीखेत किंवा गंबोरोची लस दिल्यावर शरीरात जी प्रतिद्रव्ये तयार होतात, ती प्रथिनेच असतात. कच्चा माल कमी असेल तर लस देऊनही प्रतिकार कमी पडतो. थ्रिओनिन आतड्याच्या आतल्या चिकट थरासाठी लागतं. तो थर कमजोर झाला की कॉक्सी, म्हणजे रक्ती हगवण, आणि इतर जंतूंना वाट मिळते. मेथिओनिन पिसांसाठी आणि पेशींच्या बचावासाठी लागतं. जंतू मारणाऱ्या पेशींना आर्जिनिन लागतं.

मग प्रथिने वाढवून दिली तर? तेही उलटतं. न पचलेली प्रथिने आतड्यात पुढे जातात आणि तिथे घातक जंतू वाढतात. पचून जास्त झालेला भाग विष्ठेतून युरिक आम्लाच्या रूपात बाहेर पडतो. तूस ओलं होतं, अमोनियाचा वास सुटतो, पक्ष्यांचे डोळे आणि श्वासनलिका बिघडतात. पावसाळ्यात आपल्या किनारपट्टीवर तूस आधीच दमट असतं, त्यात ही भर पडते.

कणी मिसळली तर

भात झोडल्यावर घरात कणी उरते. खाद्य महाग म्हणून 50 किलोच्या गोणीत 10 किलो कणी मिसळली, तर प्रथिने 23 वरून साधारण 20.5 टक्क्यांवर येतात आणि लायसिन 1.1 वरून एकच्या खाली जातं. पोट भरतं, पण वजन आणि प्रतिकार दोन्ही घसरतात. नुसती शेंगदाणा पेंड वाढवली तरी लायसिन आणि मेथिओनिन कमीच राहतं. शिवाय बुरशीच्या विषाचा धोका असतो. सुकटीत अमिनो आम्लं चांगली असतात, पण मीठ जास्त असतं. त्याने पाणी पिणं वाढून पातळ विष्ठा होते.

सोयापेंडीचे भाव चढले की हा मोह वाढतो. 2021 मध्ये भाव इतके चढले होते की केंद्राने त्या ऑगस्टमध्ये 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. अशा वेळी मिसळ करण्याआधी पशुवैद्यकाला विचारलेलं बरं.

काय करावं?

- गोणीवर प्रथिनांसोबत लायसिन आणि मेथिओनिनचा आकडा बघा. नसेल तर कंपनीच्या सुपरवायझरला विचारा.
- प्री-स्टार्टर, स्टार्टर, फिनिशर वयानुसारच द्या. फिनिशर लवकर सुरू करून पैसे वाचवू नका.
- एप्रिल-मेच्या उकाड्यात पक्षी कमी खातो. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, थंड पाणी ठेवा.
- गोण्या जमिनीवर नको, फळीवर ठेवा. बुरशी आलेलं खाद्य वापरू नका.
- मर अचानक वाढली तर मेलेला पक्षी फेकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

संतुलित खाद्य म्हणजे लस नव्हे. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा शेडच्या शेड रिकामे करावे लागले. असा रोग खाद्याने थांबत नाही. त्यासाठी स्वच्छता आणि बाहेरच्यांची ये-जा रोखणं हाच उपाय. पण रोजच्या किरकोळ आजारांत जाणारे पक्षी योग्य खाद्याने नक्की कमी होतात. खाद्याबाबत शंका असल्यास डहाणू तालुक्यातलं कोसबाड कृषी विज्ञान केंद्र किंवा पंचायत समितीचा पशुसंवर्धन विभाग यांच्याकडे विचारणा करता येईल.