धयकालो, पडदा आणि पाव सेकंद

कार्तिक महिना लागला की सिंधुदुर्ग जिल्ह्यात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्री देवळापाशी दशावतार रंगतो. मालवणीत त्याला धयकालो म्हणतात. या नाटकाला लिखित संहिता नसते. कोणते आख्यान करायचे आणि कोणी कोणते सोंग घ्यायचे एवढेच आधी ठरते. संवाद नट उभ्या उभ्या रचतात. संकासुराच्या बोलण्यावर समोरून हशा आला की तो विनोद लांबवतो. लोक चुळबूळ करू लागले की आवरते घेतो. म्हणजे प्रेक्षक नुसते बघत नाहीत, नाटक घडवायला हातभारही लावतात.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. ऐन हंगामात जत्रा थांबल्या आणि त्याबरोबर दशावतारी मंडळींची कमाईही. चित्रित केलेले प्रयोग यूट्यूबवर होतेच. ते मालवणात किंवा मुंबईत घरबसल्या बघता येत होते. नट तेच, पायपेटी आणि मृदुंगही तेच. मग देवळापुढच्या रात्रीत असे काय असते, जे पडद्यावर उतरत नाही?

उत्तराचा एक मोठा भाग वेळेत दडलेला आहे. दोन माणसे बोलतात तेव्हा एकाचे वाक्य संपल्यावर दुसरा किती वेळाने बोलू लागतो? जगातील 10 भाषांचा असा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. भाषाभाषांत थोडा फरक होता, पण हे अंतर साधारण पाव सेकंदाच्या आसपासच निघाले. याहून बराच उशीर झाला तर समोरचा अडखळला, नाराज झाला, असे आपल्याला वाटू लागते. आयत्या वेळी रचलेल्या संवादांची सारी गंमत या पाव सेकंदात असते.

दुसरी गोष्ट तालाची. एकत्र टाळ्या वाजवणाऱ्या, एका ठेक्यात डोलणाऱ्या माणसांना एकमेकांविषयी आपुलकी वाटू लागते. हा परिणाम यंत्राने उभ्या केलेल्या जगातही दिसतो का? ब्रॉनविन टार, मेल स्लेटर आणि एमा कोहेन यांनी ते तपासले. डोळ्यांवर चढवायच्या यंत्रातून माणसाला चहूबाजूंनी संगणकाचे चित्र दिसते. मान वळवली की चित्रही वळते. याला आभासी वास्तव म्हणतात. प्रयोगातील व्यक्तीने तिथे दोन आभासी सोबत्यांबरोबर हालचाली करायच्या होत्या. काहींचे सोबती तालात हलत, काहींचे तालाबाहेर. 2018 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : तालात हलणाऱ्या सोबत्यांविषयी लोकांना स्पष्टपणे अधिक जवळीक वाटली. गंमत म्हणजे ते सोबती माणसे नव्हतेच. त्यांच्या हालचाली संगणकाने ठरवलेल्या होत्या.

म्हणजे जवळिकीची भावना निर्माण व्हायला शरीराने शेजारी असणे दर वेळी आवश्यक नाही. वेळ जुळणे मात्र फार महत्त्वाचे आहे. मग मालवणातला प्रयोग दूरवर थेट दाखवताना वेळ का जुळत नाही? काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई-मालवण तारेची लांबी 500 किलोमीटर धरली, तर त्याला लागतात सेकंदाचे केवळ 400 वा भाग. खरा उशीर वाटेत नसून यंत्रांत आहे. सेकंदाला 25 चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्येच सेकंदाचा 25 वा भाग जातो. पुढे चित्र आकसून लहान करणे, तुकडे करून पाठवणे, पलीकडे थोडा साठा करून मगच दाखवणे, यात थेट प्रक्षेपण कित्येक सेकंद मागे पडते. दूरध्वनीवरील संभाषणासाठी एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. प्रक्षेपण त्याच्या कितीतरी पलीकडे जाते.

हे वर्गाला मैदानावर अनुभवता येईल. मुलांचे दोन गट 50 मीटर अंतरावर पाठमोरे उभे करा. दोघांनी एकमेकांच्या टाळ्या ऐकून एकाच ठेक्यात टाळ्या वाजवायच्या. आवाजाला हे अंतर कापायला सुमारे 0.15 सेकंद लागतात. प्रत्येक गट दुसऱ्यासाठी थांबू लागला की ठेका संथ होत जाईल किंवा मोडेल. आता अंतर 5 मीटर करा आणि फरक नोंदवा. मग 20 आणि 35 मीटरवर करून पाहा. ठेका नेमका कोणत्या अंतरावर ढळू लागतो?

यावरून एक भेद लक्षात येतो. चहूबाजूंनी चित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याने धयकालो घेतला, तर आपण देवळापुढे बसल्याचा भास जरूर होईल. पण मुद्रित संकासुराला आपला हशा ऐकू येत नाही. प्रेक्षकाच्या बाजूची जवळीक यंत्र काही प्रमाणात घडवू शकते, हे वरील प्रयोगाने दाखवले. नटाची बाजू मात्र रिकामीच राहते, आणि दशावतारात नटाची बाजू रिकामी राहिली तर संवादच सुचेनासे होतात. तेव्हा दूरवरच्या चाकरमान्यांसाठी असा प्रयोग करायचा झाला, तर उत्तम चित्राइतकीच दुसरी सोय लागेल : त्यांचा हशा पाव सेकंदाच्या आत नटाच्या कानी पोचवणारी परतीची वाट. हे काम आजही अवघड आहे. देवळापुढे मांडी घालून बसलेल्यांना ती वाट फुकट मिळते.